मूठभर धुण्याचा सोडा

"भाऊ, वास न्हाई, रंग न्हाई, पेटत न्हाई, मानसाला चावत न्हाई. मंग ह्या बिचाऱ्या वायूला मारायचं कशापायी?"

चिमाजी वाळके यांनी हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला तेव्हा मी स्टोअरच्या खिडकीत बसून चहात पाव बुडवत होतो. त्यानंतर निदान पन्नास वेळा तरी विचारला असेल. मी स्टोअरकीपर. माझ्याकडे नट, वॉशर, हातमोजे, साबण मिळतो. उत्तरं मिळत नाहीत. पण आमच्या कंपनीत कुणाला काही कळेनासं झालं की तो माणूस माझ्याच खिडकीशी येऊन उभा राहतो, आणि चिमाअण्णांना तर रोज काहीतरी कळेनासं व्हायचं. मी वैतागायचो. "अण्णा, मला काय विचारता, मॅडमना विचारा," म्हणायचो. ते मान डोलवायचे आणि तिथंच उभे राहायचे.

अण्णा दिघीचे, जुन्या गावातले. घराण्याची काही जमीन लष्कराच्या हद्दीत गेली, उरलेल्या जमिनीचे भावांनी प्लॉट पाडले. भाऊ आता पांढऱ्या गाड्यांतून फिरतात आणि वाढदिवसाला चौकात त्यांचे फ्लेक्स लागतात. अण्णांचा फ्लेक्स कधी लागला नाही. तुम्ही का नाही पडलात जागेच्या धंद्यात, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मला न्हाई जमलं राव. गिऱ्हाईक जागा बगाया आलं की मीच त्याला सांगायचो, हितं पावसाळ्यात पानी साचतंय." भावांनी शेवटी हात जोडले आणि त्यांना भोसरीत आमच्या कंपनीत चिकटवून दिलं. त्याला एकतीस वर्षं झाली. रिटायर व्हायला दीड वर्ष उरलं होतं.

आमची कंपनी छोटी. विजेच्या सबस्टेशनातले जुने ब्रेकर आमच्याकडे दुरुस्तीला येतात. वीज तोडताना ब्रेकरच्या पोटात जी ठिणगी उडते ती विझवायला आत एक वायू भरलेला असतो. कागदावर त्याचं नाव सल्फर हेक्साफ्लोराइड, आमच्याकडे नुसतं एसएफ-सिक्स. ताज्या वायूला वास नसतो. पण ठिणग्या खाऊन खाऊन तो खराब झाला की सडक्या अंड्यासारखा घाण वास मारतो. अण्णांना तो वास दोन शेड लांबून यायचा. मीटर खोक्यातून बाहेर निघेपर्यंत अण्णांनी नाक वर करून ब्रेकरची तब्येत सांगितलेली असायची, आणि ती कधी चुकली नाही. नाकाच्या बाबतीत हा माणूस कधी गोंधळला नाही. बाकी सगळीकडे गोंधळच.

हा वायू पूर्वी आम्ही काय करायचो? खरं सांगतो, नळी शेडच्या बाहेर काढून हवेत सोडून द्यायचो. सगळेच तसं करत असतील असं आम्ही धरून चाललो होतो. ते काम अण्णांचंच होतं.

मग दोन वर्षांपूर्वी तेजस्विनी मॅडम आल्या. मूळच्या लातूरच्या, पीएचडी झालेल्या, तिशीच्या आतबाहेरच्या, कासारवाडीत स्टेशनजवळ खोली घेऊन राहणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना उभं करून सांगितलं की हा वायू एक किलो हवेत सोडणं म्हणजे धुराड्यातून तेवीस-चोवीस टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखं आहे, पृथ्वी तेवढी तापते. आणि एकदा वर गेला की हजार-दोन हजार वर्षं मोडत नाही.

सगळे चहाला पांगले. अण्णा तिथंच उभे.

"मॅडम, म्हंजी मी कामाला लागलो त्या साली सोडल्याला वायू आजून वरच हाय?"

"हो अण्णा."

"समदा?"

"जवळजवळ सगळा."

अण्णांनी शेडच्या दारातून वर पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. त्या दिवशी त्यांनी डबा तसाच परत नेला, आणि दुसऱ्या दिवसापासून मॅडमच्या मशीनवर काम मागून घेतलं. निरंजनसाहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हसत हसत दिलं. हातात पाना धरणारा माणूस असल्या मशीनवर काय करणार, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मशीन मॅडमनी स्वतः उभं केलेलं. दोन कपाटं शेजारी ठेवावीत एवढं. आत एक जाड चिनी मातीची नळी, नळीत फुटाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या खच्चून भरलेल्या. एका बाजूने जुना वायू आणि थोडी पाण्याची वाफ सोडायची, नळीभोवती हजारो व्होल्टची वीज द्यायची. मग आत जांभळा उजेड पेटतो, तोच प्लाझ्मा. विजेच्या माऱ्याने वायूचे तुकडे व्हायला लागतात आणि ते तुकडे परत जुळू नयेत, पुरते मोडावेत, हे काम त्या गोळ्यांचं. त्यांना मॅडम कॅटलिस्ट म्हणायच्या, आम्ही गोळ्या. जे मोडून निघतं ते मात्र महाभयंकर: नाकाला झोंबणारं, काच खाणारं आम्ल. ते चुन्याच्या पाण्याच्या टाकीत सोडायचं, चुना त्याला गिळतो, आणि खाली पांढरा गाळ बसतो. चुना कालवणं आणि गाळ काढणं अण्णांकडे.

झालं, अण्णांच्या डोक्याचा भुगा. "आत जातंय ते गरीब, बाहीर येतंय ते इखारी. आन ह्याला म्हनायचं सफाई!" मॅडमनी न कंटाळता सांगितलं की विखारी आहे ते चुन्यात पकडता येतं, गरीब दिसतंय ते पकडताच येत नाही, म्हणून ते जास्त वाईट. अण्णांनी मान डोलवली आणि माझ्या खिडकीशी आले.

एकदा मॅडम म्हणाल्या, ह्या गोळ्या आंबट आहेत अण्णा, अंगात आम्लपणा आहे म्हणूनच काम करतात. तेवढं ऐकून अण्णा माझ्याकडे. "भाऊ, आंबट हायेत म्हनं. चाटून बगितल्या असतील का कुनी?" मी म्हटलं, तुम्ही चाटू नका म्हणजे झालं. त्या आंबटपणावर आम्ही दोघं आठवडाभर हसत होतो.

हसण्यासारखं फार दिवस राहिलं नाही. चाकणच्या एका मोठ्या कारखान्याचे अधिकारी रणजीतसाहेब ह्या मशीनची चाचणी घेत होते. शंभरातला किती वायू मोडला, हा आकडा स्क्रीनवर दिसतो. आमचा सत्त्याण्णव यायचा. रणजीतसाहेबांना पंच्याण्णवच्या वर हवा होता. पण त्यांच्या मनात एक किल्मिष होतं. त्यांचं म्हणणं, सगळं काम वीजच करते आणि तुमच्या गोळ्या नुसत्या भर घालायला आहेत. "गोळ्यांच्या जागी खडी भरली तरी चालेल, मॅडम," असं ते तोंडावर म्हणायचे. नुसत्या विजेवर साठच्या आसपास येतो, असं मॅडम सांगायच्या, पण ते त्यांच्या वहीतलं. दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी रणजीतसाहेब शेवटचं पाहायला येणार होते. आकडा आला तर चाकणला दोन मशीनं जाणार. नाही आला तर निरंजनसाहेबांनी साफ सांगितलं होतं: मशीन भंगारात, आणि मॅडमची नोकरी ह्या मशीनपुरतीच.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मॅडम लातूरला गेल्या. जाताना अण्णांना बजावलं, "मशीन बंद ठेवा. मी येईपर्यंत चालू करायचं नाही."

अण्णांनी अक्षरशः पाळलं. चालू केलं नाही.

पण खंडेनवमी होती. आमच्याकडे रीत अशी की ज्यानं वर्षभर जे चालवलं ते त्यानं त्या दिवशी स्वतःच्या हातानं धुवायचं. लेथवाला लेथ पुसतो, ड्रिलवाला ड्रिल, ड्रायव्हर टेम्पो धुतो, मी वजनकाटा घासतो. मग सगळ्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. धुतल्याशिवाय पूजा नाही. सकाळी दहाला अण्णा खिडकीशी आले.

"भाऊ, धुन्याचा सोडा हाय का? नळी खोलली. गोळ्या आतून पार पिवळ्या पडल्यात. वर्सभर एवढं इख खाल्लं त्यांनी, आन आज असं मळक्या अंगानं पूजंला बसवायचं?"

मला ते इतकं बरोबर वाटलं की मी कपाटातून अर्ध्या किलोचा पुडा काढून दिला. वर शहाणपणा केला: "दोन पाण्यांतून काढा, अण्णा. नाहीतर पांढरं राहतं."

हातमोजे तिथंच खुंटीला होते. अण्णांनी घातले नाहीत. देवाचं काम हातमोजे घालून करायचं, हे त्यांना पटलं नाही. ओंजळी-ओंजळीने गोळ्या काढल्या, घमेल्यात मूठभर सोडा टाकून धुतल्या, पुडा परत आणून दिला, गोळ्या चाळणीत घालून पत्र्यावर उन्हात वाळवल्या आणि दुपारी परत भरल्या. दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. मशीनला झेंडूची माळ घातली. निरंजनसाहेब चकाकणारं कपाट बघून खूष झाले, अण्णांच्या पाठीवर हात ठेवला. एकतीस वर्षांत तो तिसऱ्यांदा, असं अण्णांनीच मला सांगितलं.

दसऱ्याची सुट्टी गेली. त्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम लातूरहून थेट कंपनीत आल्या, मशीन चालू केलं. त्याला पाहायला बोटभर काच आहे. तिच्यातून उजेड पेटल्यावर नुसतं जांभळं दिसतं. जांभळं झालं. आकडा चढायला लागला. चाळीस, पन्नास, अठ्ठावन्न, एकसष्ट.

तिथंच थांबला.

मॅडमनी बंद करून परत चालू केलं. एकसष्ट. वीज तपासली, वाफ तपासली, दुसरं सिलिंडर लावलं. बासष्ट, मग परत एकसष्ट. शेडमध्ये जो तो आपापलं तर्कट चालवायला लागला. वायरमन म्हणाला अर्थिंग गेलं. कुणी म्हणालं सुट्टीत दमट हवा शिरली. निरंजनसाहेब म्हणाले, स्क्रीनच खोटा बोलतोय. चिमाअण्णांनी चुना बदलला, टाकी बदलली, पंपाचं वॉशर बदललं, आणि दर वेळी धापा टाकत स्क्रीनसमोर येऊन उभे राहिले. मॅडमचा चेहरा उतरत चालला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

दुपारी त्यांनी सगळ्यांना बोलावून विचारलं, "मी नसताना कुणी काही बदललं का? आठवून सांगा."

अण्णा म्हणाले, "न्हाई मॅडम. चालूबी केलं न्हाई."

मी म्हणालो, "नाही."

आणि आम्ही दोघंही खोटं बोलत नव्हतो. आज हे लिहितानाही मला कमाल वाटते. धुणं म्हणजे बदलणं, हे आमच्या डोक्यात शिरायला जागाच नव्हती. खंडेनवमीला काय यंत्र बिघडवतात? उलट संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "एवढं सोच्छ केलं, तरी देवानं असं कसं केलं?" मीही म्हटलं, खरंच कसं केलं. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना चिंधी होती. काय झालं विचारलं, तर म्हणाले, भाजल्यागत होतंय, सोजरानं हळद लावलीय. सोजरा म्हणजे त्यांची बायको.

पुढचं अण्णांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी घरी गेले, आणि दसऱ्याच्या पुरणपोळीने की काळजीने, पोटात जळजळायला लागलं. सोजराबाईंनी नेहमीचा उपाय केला. पेल्यात लिंबू पिळलं, पाणी घातलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला. पेला फसफसला. अण्णांनी घोट घेतला.

"आंबट लागंना गं."

"सोडा टाकल्यावर कशाला आंबट लागतंय?" सोजराबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

अण्णांनी पेला खाली ठेवला तो परत उचलला नाही.

सकाळी मी स्टोअर उघडत होतो तेव्हा ते आधीच येऊन उभे होते. त्यांनी रात्रीच्या पेल्याचं सांगितलं, मॅडमनी गोळ्या आंबट आहेत म्हटल्याची आठवण दिली: लिंबाचं झालं तेच गोळ्यांचं. सगळं एकदम उजेडात आलं. सोडा माझा. दोन पाण्यांची अक्कल माझी. रणजीतसाहेब अकराला येणार होते.

मी काय म्हणालो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "अण्णा, गप्प बसा. तुमचं दीड वर्ष राहिलंय. मशीन काय, आज नाही उद्या बंदच पडणार होतं."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी नवीनच माणूस आहे. "आन ती पोरगी, भाऊ? तिला वाटंल तिचंच चुकलं. जल्मभर वाटंल."

अकराला मशीनभोवती सगळे जमले. मलाही प्रेशरगेज घेऊन बोलावलं होतं. स्क्रीनवर एकसष्ट. रणजीतसाहेब शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी म्हणतच होतो. गोळ्यांचा भरवसा नाही." निरंजनसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

तेव्हा मागून अण्णा पुढे आले. उजवा हात खिशात.

"सायेब, गोळ्यांचा दोस न्हाई. मी धुतल्या त्या. खंडेनवमीला. धुन्याच्या सोड्यानं."

निरंजनसाहेबांचा चेहरा लाल झाला. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? सोडा कुठून आणला?"

अण्णांची नजर माझ्यावर येऊन गेली. क्षणभरच.

"घरनं आनला," ते म्हणाले.

दिघीच्या जमिनीवर पाणी साचतं हे लपवता न आलेला माणूस. मी प्रेशरगेज हातात धरून उभा राहिलो आणि गप्प बसलो.

मॅडम मात्र सोड्याचं काही बोलल्याच नाहीत. त्या अण्णांच्या अगदी जवळ गेल्या. "काय सांगायलाव अण्णा? गोळ्या काढल्या कशानं? हातानं?"

"व्हय."

"मोज्याविना?"

"पूजंचं काम हुतं, मॅडम..."

"हात दाखवा. दाखवा म्हणते ना!"

चिंधी सोडली तर दोन बोटांची टोकं पांढरीफटक, आणि एका नखाखाली काळं. मॅडमच्या तोंडून लातूरची एक शिवी निघाली. गोळ्यांत मुरलेलं ते आम्ल कातडीतून आत शिरतं, आधी कळतही नाही आणि मग हाडापर्यंत जातं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी फर्स्ट-एडच्या पेटीतली ट्यूब काढून बोटांवर थापली, ड्रायव्हरला हाक मारली आणि दवाखान्यात कुठल्या आम्लाचं नाव सांगायचं ते कागदावर लिहून दिलं. रणजीतसाहेब उभे, मालक उभे, आणि ही मुलगी आपलं सगळं बुडवणाऱ्या माणसाचा हात हातात घेऊन, दुखतंय का, दुखतंय का, विचारत होती.

टेम्पो गेल्यावर रणजीतसाहेबच बोलले. "मॅडम, सोड्यानं नेमकं काय झालं?"

"गोळ्यांचा आम्लपणा मेला. गोळ्या जाग्यावर आहेत, पण काम करत नाहीत."

"म्हणजे हा एकसष्ट नुसत्या प्लाझ्माचा?"

मॅडम थांबल्या. हळूहळू त्यांचे डोळे मोठे झाले. "हो सर. तुम्ही खडी भरा म्हणत होतात ना? ही खडीच झालीय."

रणजीतसाहेबांनी पेन खिशाला लावलं. "एकदा झालं तर अपघात. मला परत करून दाखवा. नव्या गोळ्यांवर सत्त्याण्णव, त्याच धुतल्यावर एकसष्ट. आठ दिवस देतो."

म्हणजे आता मशीन वाचायचं असेल तर अण्णांची चूक पुन्हा, जशीच्या तशी, करायची होती. आणि ती कशी केली हे अण्णांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अण्णा हाताला पांढरंशुभ्र बँडेज बांधून हजर झाले. नव्या गोळ्या भरल्या, सत्त्याण्णव आला, सगळ्यांनी श्वास सोडला. मग मॅडम वही घेऊन बसल्या. किती पाणी? घमेलं दाखवलं. किती वेळ धुतल्या? नारळ फुटायला लागले तोवर. ऊन किती? पत्रा हाताला चटका देत होता तेवढं. आणि सोडा?

"मूठभर."

"तोच सोडा पाहिजे अण्णा. घरचा घेऊन या."

अण्णांनी दुसऱ्या दिवशी सोजराबाईंच्या स्वयंपाकघरातून पुडी आणली. घरात होता तो खायचा सोडा, धुण्याच्या सोड्याहून मवाळ, पण दिसायला तसाच. दुसरं काय आणणार? खोटं एकदा बोलून बसले होते आणि त्यात मी अडकलेलो होतो. गोळ्या धुतल्या, वाळवल्या, भरल्या.

आकडा आला पंच्याऐंशी.

मॅडम डोकं धरून बसल्या. पुन्हा धुतल्या, चौऱ्याऐंशी. "असं कसं? अण्णा, काहीतरी राहतंय. काय राहतंय?" अण्णा घमेलं विसळत राहिले. त्यांना माहीत होतं काय राहतंय, आणि ते सांगायचं तर माझं नाव सांगावं लागत होतं. पाचवा दिवस गेला, सहावा गेला. ते माझ्या खिडकीशी यायचेच बंद झाले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे मला विचारायला काही नव्हतं, आणि त्या रिकाम्या खिडकीत बसून मला जेवण जाईना.

सातव्या दिवशी मी कपाटातला तो पुडा उचलला आणि मशीनपाशी गेलो.

"मॅडम, सोडा घरचा नव्हता. स्टोअरचा होता. मी दिला होता, वर धुवायची रीतही मीच सांगितली. हा बघा पुडा."

निरंजनसाहेब नेमके तिथंच होते. मला जे ऐकून घ्यावं लागलं ते योग्यच होतं, म्हणून इथं लिहीत नाही. मॅडमनी एवढंच विचारलं, "पुड्याला मध्ये कुणी हात लावला?"

"नाही. धुण्याचा सोडा आमच्याकडे वर्षातून एकदाच निघतो."

खंडेनवमीला घासलेल्या माझ्याच काट्यावर पुडा ठेवला. अर्ध्या किलोतला चारशे दहा ग्रॅम उरला होता. अण्णांची मूठ नव्वद ग्रॅमची, हे असं ठरलं.

नळीत भरायच्या शेवटच्या नव्या गोळ्या उरल्या होत्या; त्यांच्यावर आधी सत्त्याण्णव घेतला आणि मग त्या बाहेर काढल्या. मॅडमनी घमेलं पुढे सरकवलं. कुठली पूजा नाही, झेंडू नाही, साधा मंगळवार. अण्णांनी डाव्या हातात मोजा चढवला, उजव्यावर बँडेजवरून मॅडमनी स्वतः चढवला. मोजलेला सोडा पाण्यात पडला. पण अण्णा गोळ्या उचलेनात.

"काय झालं?"

"मॅडम, तवा चांगलं कराया धुतल्या हुत्या. आता बिगडवायला धुवायच्या. हात न्हाई उचलत."

कुणी हसलं नाही. अण्णांनी मोजे घातलेले दोन्ही हात गोळ्यांपुढे जोडले, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणाले आणि त्या पाण्यात सोडल्या. तितकाच वेळ धुतल्या, दोन पाण्यांतून काढल्या. पत्र्यावर वाळताना त्या राखत बसले.

आठव्या दिवशी रणजीतसाहेबांसमोर मशीन चालू झालं. जांभळा उजेड पेटला. चाळीस. पन्नास. साठावर आकडा घुटमळला आणि आम्ही सगळे, आयुष्यात पहिल्यांदा, तो वाढू नये म्हणून जीव मुठीत धरून उभे राहिलो. बासष्ट. तिथंच थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, बासष्ट.

"खडी नाही चालणार," रणजीतसाहेब म्हणाले. "पटलं."

मॅडम स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागल्या. अण्णा घाबरले. "कमी आला का जास्ती? आपल्याला कमीच पायजे हुता ना?" ते ज्याला-त्याला विचारत होते.

दोन मशीनं चाकणला गेली. आमच्याकडच्या मशीनवर आता पाटी आहे: आतून धुऊ नये. पूजेला बाहेरूनच हळदकुंकू. मॅडमच्या टेबलावर काचेच्या दोन बरण्या असतात, कुणी पाहुणे आले की त्या समोर ठेवतात. एकीत नव्या गोळ्या. दुसरीतल्या धुतलेल्या, आणि तिच्यावर चिठ्ठी: "चिमाजी, नव्वद ग्रॅम". चाकणला पाठवलेल्या अहवालातही हेच नाव छापलंय.

ते कळलं त्या दिवशी अण्णा कित्येक आठवड्यांनी माझ्या खिडकीशी आले. तर्जनीला नख उरलेलं नाही, ते आता यायचंही नाही.

"भाऊ, भावांची नावं फ्लेक्सवर असत्यात. माझं आलं ते बिगडल्याल्या गोळ्यांवर. हे सोजराला सांगायचं का लपवायचं? मला कायबी कळंना."

इतक्या वर्षांत त्यांच्या एका तरी प्रश्नाचं उत्तर मला येत होतं.

"सांगा," मी म्हटलं. "आणि सोडा माझा होता, तेही सांगा."